मांजरसुंब्याची बारा मिनिटं

मी खोटा जबाब लिहून दिला. अर्ध्या पानाचा, निळ्या शाईत, खाली सही आणि बिल्ला नंबर. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी हात धरून लिहून घेतलं नव्हतं. त्या अर्ध्या पानात असं होतं की चालक मांजरसुंब्याच्या थांब्यावर सायकल चालवायला जातात आणि त्यामुळे आमची बस महिन्यात तीनदा उशिरा सुटली. चालक सायकल चालवायला जायचे, हे खरं. बस तीनदा उशिरा सुटली, हेही खरं. पण या दोन खऱ्या गोष्टींना मी जी गाठ मारली ती खोटी होती. उशीर माझ्यामुळे झाला होता.

मी बसवर कंडक्टर आहे. वीस वर्षं होत आली. ज्यांच्याविषयी लिहितोय ते चार वर्षं माझ्या गाडीवर ड्रायव्हर होते. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे; आमच्याकडे जुने ड्रायव्हर कंडक्टरला मास्तरच म्हणतात. रोज पहाटे डेपोत ते 'जय भीम, मास्तर' म्हणायचे, मी 'राम राम, दादा' म्हणायचो आणि आमचा दिवस सुरू व्हायचा. धारूरची फेरी. बीड सोडलं की घाट चढून मांजरसुंबा, तिथे वीस मिनिटं नाश्त्याचा थांबा, पुढे केजवरून धारूर.

ठरावीक मुदतीने ड्रायव्हर लोकांची वैद्यकीय तपासणी होते. साखर, ब्लडप्रेशर, डोळे. त्यात नापास झाला की माणसाचं स्टेअरिंग जातं. नोकरी राहते, स्टेअरिंग जातं. ज्याने अठ्ठावीस वर्षं घाटातून माणसं वर-खाली नेली त्याला याचा अर्थ काय, हे तेव्हा मला नीट कळत नव्हतं.

दादांची साखर वाढलेली निघाली. या वेळी पास केलं, पण पुढच्या तपासणीपर्यंत खाली आणा, असं डॉक्टरांनी बजावलं. गोळ्या दिल्या आणि रोज पाऊण तास चाला, नाहीतर सायकल चालवा म्हणून सांगितलं.

"पाऊण तास," दादा मला घाटात सांगत होते. वळण आलं की बोलणं थांबायचं, वळण सरलं की पुढे सुरू. "मी तीनला उठतो. चकलांब्यावरनं मोटरसायकलवर डेपोत. दुपारी सुटी झाली तर झाली, न्हाईतर डबल. घरी गेलो की म्हातारीचं आंघोळपाणी माझ्याकडंच हाय, ती दुसऱ्या कुणाच्या हातानं करून घेत न्हाई. आता मास्तर, ह्या दिवसाला पाऊण तास काय ठिगळासारखा शिवून लावू?"

महिनाभर नुसत्या गोळ्यांनी साखर उतरली नाही, तेव्हा त्यांनी बसच्या टपावर एक सायकल चढवली. गुलाबी रंगाची, पुढे जाळीची टोपली असलेली मुलींची सायकल. त्यांच्या लेकीला शाळेत असताना मिळालेली. ती आता पुण्यात नर्स होती. मांजरसुंब्याच्या ढाब्यामागे, मालकाला विचारून, दादांनी ती पाण्याच्या टाकीला साखळीने बांधली.

त्या दिवसापासून त्यांचा नेम ठरला. गाडी थांबली की आधी चारही बाजूंनी टायर बघायचे. मग बिनसाखरेचा चहा उभ्यानेच. मग खाकी शर्टाची वरची दोन बटणं काढून, गळ्यात पंचा टाकून, गुलाबी सायकलवर. हायवे टाळून पाटोद्याच्या रस्त्याने सहा मिनिटं जायचं, सहा मिनिटं यायचं. रमतगमत नव्हे. उभं राहून पायडल मारायचे. परत आले की पंचा ओला असायचा आणि मिनिटभर बोलता यायचं नाही. मग तोंडावर पाणी मारून स्टेअरिंगवर. त्यांच्यामुळे गाडी एकदाही एक मिनिट उशिरा निघाली नाही. हे मी इथे लिहितोय. जिथे लिहायला हवं होतं तिथे लिहिलं नाही.

सुरुवातीला सगळ्यांनाच गंमत वाटली. केजला कॉलेजात जाणाऱ्या मुली खिडकीतून मान काढून हसायच्या. एक म्हातारी तर रोज विचारायची, "आरं, घंटी हाय का न्हाई त्याला?" दादा ट्रिंगट्रिंग वाजवून दाखवायचे. मला मात्र लाज वाटायची. माझा ड्रायव्हर, माझी गाडी, आणि लोक हसतायत. मी लाजेला ज्ञानाचे कपडे घातले.

"दादा, मी वाचलंय," मी सांगितलं, "पहिली वीस मिनिटं शरीर नुसतं गरम होतं. खरा व्यायाम त्याच्यापुढं. तुम्ही गरम व्हायच्या आत उतरता. म्हणजे सगळं पाण्यात."

"कुठं वाचलं?"

"मोबाईलवर."

ते पंच्याने मान पुसत होते. "मास्तर, गाडी धा मिनिटं चढाला घातली तर इंजिन तापतंय का न्हाई?"

"इंजिन वेगळं, माणूस वेगळा."

"मला तर लई फरक दिसत न्हाई. दोघं बी डिझेल पितेत आन् धूर सोडतेत." आणि हसत गाडीत चढले. पण मी सोडलं नाही. दर दोन-चार दिवसांनी काहीतरी नवं सांगायचो. मी लग्नाआधी रोज तासभर चालायचो, आठ किलो उतरवले होते. बारा मिनिटांनी कुणाचं काय झालंय? करायचं तर नीट करावं, नाहीतर करू नये. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की ते मला माझं तत्त्व वाटायला लागलं. ते तत्त्व नव्हतं. लग्नानंतर मी काहीच केलं नव्हतं, आणि नीट करायला वेळ नाही म्हणून मुळीच करत नाही, या आडोशाला मी आरामात बसलो होतो. दादांची सायकल रोज तो आडोसा हलवत होती.

मग त्यांची मधली तपासणी झाली. खाजगीच, बीडला, मनाला वाटलं म्हणून केलेली. ढाब्यावर त्यांनी मला भज्यांची प्लेट मागवली, स्वतः समोर नुसते बसले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "बघा, मास्तर. उतरली."

मी कागद पाहिला. उतरली होती. थोडी नाही, चांगली.

"गोळ्यांनी असेल," मी भजं खात म्हणालो.

"गोळ्या तर आधीच्या महिन्यात बी घेत व्हतो, तवा कावून न्हाई उतरली?"

मी दुसरं भजं उचललं. हा प्रसंग मला पुन्हा पुन्हा आठवतो, कारण जबाब लिहिताना हा कागद मी पाहिलेला होता.

आता उशिराचं सांगतो. कंडक्टरच्या डोक्यावर भारमानाची टांगती तलवार असते. गाडीत किती शीटं भरली, यावर त्याची किंमत होते. पाटोद्याकडून एक काळी-पिवळी जीप यायची, तिच्यात केजला जाणारे पाच-सहा जण असायचे. जीपवाला मला फोन करायचा, "मास्तर, धरून ठिवा, आलोच." आणि मी गाडी धरून ठेवायचो. दादा सायकल बांधून, तोंड धुऊन, स्टेअरिंगवर बसलेले असायचे आणि मी खाली उभा राहून रस्त्याकडे बघायचो. या सवयीबद्दल मला आधी एकदा तोंडी समज मिळाली होती. त्या महिन्यात तीनदा असं झालं.

तिसऱ्यांदा गाडीत एक पुढारी होता. तालुक्यातला, फार मोठा नव्हे, पण मागे दोन माणसं फिरवणारा. त्याची गाडी बिघडली होती आणि केजला कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं. जीप वाटेत कुठेतरी अडकली होती आणि मला धरून ठेवायला सांगणारा फोन येऊन गेला होता. पण गाडी सुटायची वेळ अजून झाली नव्हती. दादा सायकलवर होते, परतायला चारेक मिनिटं होती.

पुढारी खाली उतरला. "डायवर कुठाय बे?"

मी म्हणायला हवं होतं, साहेब, थांबा संपलेला नाही. मी पाटोद्याच्या रस्त्याकडे बोट दाखवलं आणि हसून म्हणालो, "गेलेत शर्यतीला."

त्याने मोबाईल काढला. दादा गुलाबी सायकलवरून उभ्याने पायडल मारत येताना त्याने शूटिंग केलं. "बघा," तो मोबाईलमध्ये बोलत होता, "माणसं गाडीत खोळंबलीत आन् यांना ड्युटीवर सायकल खेळायचीय. आता यांना कोण बोलणार?" त्या 'यांना'मध्ये काय भरलं होतं ते मला कळलं. मी इथेच वाढलोय, मला न कळायला काय झालं? दादांनाही ऐकू गेलं. त्यांनी सायकल बांधली, तोंडावर पाणी मारलं आणि ते स्टेअरिंगवर बसले. मी मात्र त्यानंतरही जीपसाठी गाडी अकरा मिनिटं धरून ठेवली, आणि पुढाऱ्याला वाटलं ती अकरा मिनिटंही सायकलमुळेच गेली. मी त्याचा गैरसमज काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ते शूटिंग सगळ्यांच्या मोबाईलवर होतं. डेपो मॅनेजरने दोघांना बोलावलं. महिन्याच्या नोंदी समोर ठेवल्या. तीन दिवस उशीर. कारण काय? दोघांनी वेगवेगळा खुलासा लिहून द्या.

मी बाकावर बसून लिहिला. जीपचं लिहिलं असतं तर दुसरी वेळ म्हणून मला मेमो होता. सायकलचं लिहिलं तर काय होणार होतं? फार तर सायकल बंद होईल. आणि सायकलने तसंही काय होत होतं? बारा मिनिटं! मला आजही तो क्षण स्वच्छ आठवतो. मला जे लिहायचं होतं ते लिहिता यावं म्हणून ती बारा मिनिटं निकामी असणं गरजेचं होतं. म्हणून मी ती निकामी ठरवली. मग पेन चाललं.

दादांना लेखी ताकीद मिळाली आणि थांब्यावर सायकल चालवायला बंदी झाली. बाहेर आल्यावर त्यांनी मला फक्त विचारलं, "मास्तर, तुमी काय लिहिलं?"

"जे आहे तेच," मी म्हणालो. "तुम्ही?"

"मी बी जे हाय तेच."

त्यांनी काय लिहिलं होतं ते कितीतरी महिन्यांनी डेपोतल्या क्लार्कने मला सांगितलं. दोन ओळी. सायकल चालवली हे खरं आहे. माझ्यामुळे गाडीला उशीर झाला नाही. उशीर कशामुळे झाला हे त्यांनी लिहिलं नव्हतं. जीपचं नाव नाही, माझं नाव नाही. लिहिलं असतं तर ते वाचले असते.

सायकल टपावर चढून परत गेली. दादा थांब्यावर टायर बघायचे, चहा घ्यायचे आणि उरलेली बारा मिनिटं स्टेअरिंगवर हात ठेवून बसायचे. मी त्यांना सांगायचो, आता सुटीच्या दिवशी एकदाच दीड-दोन तास चालवा, तो खरा व्यायाम. ते हो म्हणायचे. सुटीच्या दिवशी म्हातारी आई होती, शेताचा तुकडा होता, मर्तिकं होती, लग्नं होती. दोन तास कधी सापडले नाहीत. आठवड्यातून दोन तास सापडणं आणि रोज बारा मिनिटं सापडणं, यात कुठलं सोपं आहे हे ज्याच्या अंगावर संसार आहे त्याला विचारायला नको. मला माहीत होतं. तरी मी सल्ला देत राहिलो, कारण सल्ला देणारा माणूस स्वतःला गुन्हेगार वाटत नाही.

पुढच्या तपासणीत दादा नापास झाले. साखर फार वाढली होती आणि डाव्या डोळ्याच्या पडद्यावर परिणाम दिसत होता. स्टेअरिंग काढून घेतलं. त्यांना डेपोच्या गेटवर बसवलं. बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर आणि वेळा रजिस्टरात लिहायच्या.

रोज पहाटे माझी गाडी गेटवरून निघायची. नवा ड्रायव्हर तरुण होता, कानात वायर घालून असायचा. दादा टेबलामागून मान वर करायचे, आमच्या गाडीचा नंबर लिहायचे, वेळ लिहायचे. 'जय भीम, मास्तर' म्हणायचे. मी 'राम राम' म्हणायचो. गाडी वळायची. असं जवळजवळ वर्षभर चाललं. तेवढ्यात त्यांच्या डाव्या डोळ्याने दिसणं बंद झालं. बाकीचे ड्रायव्हर त्यांची थट्टा करायचे, "काय पायलट, विमान उतरवलं का खाली?" ते हसायचे. मला ते हसणं घाटापर्यंत ऐकू यायचं.

मग माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. बीडला एका डॉक्टरबाईंना दाखवलं. साखर. त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि म्हणाल्या, रोज पाऊण तास चाला.

"मॅडम, वेळ नाही," मी म्हणालो. हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला घाटातलं दादांचं बोलणं ऐकू आलं.

"मग दहा-पंधरा मिनिटं सायकल चालवा. पण दम लागेल अशी. आणि रोज."

"त्याने काय होणार? पहिल्या वीस मिनिटांत तर..."

"कुणी सांगितलं?"

"मोबाईलवर वाचलं होतं."

"साखर मोबाईल वाचत नाही," त्या म्हणाल्या. "पायाचे स्नायू जोरात कामाला लागले की ते साखर ओढतात. पाऊण तास केलं तर जास्त फायदा, हे बरोबर. पण तुम्ही पाऊण तास करणार नाही. तुमच्यासारखे शंभरातले बरेच जण करणार नाहीत. मग जे रोज होईल ते करा ना."

मी भावाची जुनी सायकल घेतली. पहाटे ड्युटीआधी गावाबाहेर कापसाच्या जिनिंगपर्यंत जायचं आणि यायचं. पहिल्या दिवशी दादांसारखं उभं राहून पायडल मारलं. चौथ्या मिनिटाला मांड्या पेटल्या. सहाव्या मिनिटाला मी उतरलो आणि जिनिंगच्या कुंपणाला धरून उभा राहिलो. बारा मिनिटं किती लांब असतात हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. ज्याला मी फुकटचा खेळ म्हणत होतो त्याचा अर्धासुद्धा मला झेपला नव्हता.

तीन महिन्यांनी माझी साखर उतरली. डॉक्टरबाई खूश झाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी कागद हातात घेऊन खुर्चीवर बसून राहिलो. मग त्यांना विचारलं, नाव न सांगता, की एका माणसाने असंच केलं होतं, त्याची उतरली होती, मग त्याचं बंद पडलं आणि पुढे डोळा गेला. बंद पडलं नसतं तर वाचला असता का?

"त्यांना तपासल्याशिवाय कसं सांगू? आजार किती जुना, गोळ्या नीट घेतल्या का, घरात कुणाला होता का. कदाचित वाचला असता. कदाचित नसता."

मला त्यांच्याकडून 'नसता' एवढंच हवं होतं. मी निर्दोष सुटायला गेलो होतो. त्यांनी निकालच दिला नाही, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो निकाल लागायची गरजच नाही. डोळा माझ्यामुळे गेला की नाही हे कुणालाच कळणार नाही. जबाब मात्र मीच लिहिला होता.

मी नवा अर्ज लिहिला. तिन्ही दिवशी गाडी मी जीपसाठी धरून ठेवली, चालकांचा काही संबंध नाही, आधीचा जबाब खोटा होता. क्लार्कने वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मास्तर, हे कावून उकरताय? मिटलंय समदं. मॅनेजर बी बदलला. आता उगं तुमच्याच अंगावर येईल."

"येऊ द्या. आवक नंबर टाका."

"त्यानं त्यांचं स्टेअरिंग परत येत न्हाई."

"माहीत आहे."

त्याने शिक्का मारला. मी पोच घेतली आणि गेटवर गेलो. दुपारची वेळ, दोन गाड्या आत येत होत्या. टेबलापाशी कंट्रोलर आणि आणखी दोन ड्रायव्हर गप्पा मारत उभे होते. मला वाटलं, हे जाऊ द्यावेत, मग बोलू. मग वाटलं, शूटिंग सगळ्यांनी पाहिलं होतं, हसलेही सगळे होते. मी तिथेच, त्यांच्यासमोर पोच टेबलावर ठेवली.

दादांनी कागद उजव्या डोळ्याजवळ धरला. हळूहळू वाचला. मग कंट्रोलरकडे बघून म्हणाले, "साहेब, लिहू का रजिस्टरात? मास्तर आत आले, दोन वाजून धा मिनिटं. लई लेट हाय गाडी." ड्रायव्हर हसले. दादा हसले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, "मला तवाच ठाऊक व्हतं तुमी काय लिहिलं ते. वाट बघत व्हतो, तुमी कधी सांगताय. आता सांगा. कागद वाचला मी. तोंडानं सांगा."

मी टेबलाची कड धरली.

"दादा," मी म्हणालो, "गाडीला उशीर माझ्यामुळं झाला होता आणि मी तो तुमच्या नावावर टाकला. तो पुढारी तुम्हाला बोलला तेव्हा मी गप्प बसलो, त्याच्याआधी तर हसलो. तुमचा रिपोर्ट मी माझ्या हातात धरून बघितला होता, म्हणजे तुमची ती बारा मिनिटं वाया जात नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून मी ती बंद पाडली. मला माफ करा."